बर्गरचा सॉस फुटतो कुठे?

या वेळच्या टपालात बर्गरच्या घरगुती सॉसबद्दलची पत्रं सर्वांत जास्त आहेत. कुणाचा सॉस फुटतो, कुणाचा पातळ होतो, कुणाचा दुसऱ्या दिवशी पाणी सोडतो. पत्रं नाशिक परिसराच्या वेगवेगळ्या भागांतून आली असली तरी बहुतेकांची अडचण एकच आहे, ती म्हणजे नको तिथे गेलेलं पाणी. म्हणून प्रत्येक उत्तरात पाणी कुठून आलं आणि ते कसं अडवायचं, हे सांगितलं आहे. मापांसाठी मोठा चमचा म्हणजे १५ मिली, चहाचा चमचा म्हणजे ५ मिली आणि वाटी म्हणजे १५० मिली धरावी.

प्रश्न : मी अंड्याशिवाय, दुधाचं मेयोनीज मिक्सरमध्ये करते. कधी छान घट्ट होतं, कधी नुसतं तेलकट पाणी राहतं. प्रमाण तेच, कृती तीच. मग असं का होतं? (वाचक, पंचवटी)

प्रमाण तेच असलं तरी भांडं, दुधाचं तापमान आणि तेल ओतण्याचा वेग बदलत असणार. मेयोनीज म्हणजे दुधातल्या पाण्यात तेलाचे अगदी बारीक थेंब अडकवून ठेवणं. दुधातली प्रथिनं त्या थेंबांभोवती पापुद्रा धरतात, म्हणून ते एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. सुरुवातीला तेल भसकन पडलं तर पापुद्रा धरायला वेळ मिळत नाही, थेंब मोठेच राहतात आणि तेल वर येतं.

प्रमाण असं घ्या : थंड दूध १०० मिली, रिफाइंड सूर्यफूल तेल २०० मिली, मीठ अर्धा चहाचा चमचा, साखर एक चहाचा चमचा, मोहरीची पूड पाव चहाचा चमचा आणि शेवटी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस एक मोठा चमचा. दूध तापवून गार केलेलं असेल तर साय पूर्ण काढून गाळून घ्या. सायीच्या गुठळ्या मेयोनीजमध्ये तशाच राहतात आणि जिभेला लागतात.

मिक्सरचं मोठं भांडं घेऊच नका. त्यात १०० मिली दूध पात्यांच्या खाली राहतं आणि पाती हवेत फिरतात. चटणीचं छोटं भांडं घ्या आणि ते दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. आधी दूध, मीठ, साखर, मोहरी पंधरा सेकंद फिरवा. मग झाकणाच्या भोकातून सुतळीएवढ्या धारेने तेल सोडा. झाकणाला भोक नसेल तर दर वेळी दोन मोठे चमचे तेल घालून दहा सेकंद फिरवायचं, असं करत जा. पहिलं ५० मिली तेल सर्वांत हळू जायला हवं. एकदा मिश्रण सरबरीत झालं की पुढचं तेल थोडं वेगाने चालतं. सलग अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त फिरवू नका. भांडं हाताला कोमट लागलं तर थांबा, कारण गरम झालं की घट्ट होत आलेलं मिश्रणही सैल पडतं.

आंबट सर्वांत शेवटी घाला. आंबटामुळे दुधातली प्रथिनं दही लागल्यासारखी घट्ट होतात. तेल मुरल्यावर हे झालं तर मेयोनीज दाटतं, आधीच झालं तर दूध फाटून दाणे होतात. शेवटच्या चमचाभर लिंबाने मिश्रण डोळ्यांदेखत घट्ट होताना दिसेल.

हँड ब्लेंडर असेल तर काम आणखी सोपं. उंच, अरुंद पेला घ्या, ब्लेंडरचं तोंड जेमतेम आत जाईल इतकाच. आंबट सोडून सगळं एकदम ओता, ब्लेंडर तळाला टेकवा आणि वीस सेकंद अजिबात न हलवता चालवा. तळातून पांढरा ढग वर चढताना दिसला की ब्लेंडर हळूहळू वर उचला.

फुटलेलं मेयोनीज टाकून देऊ नका. स्वच्छ भांड्यात दोन मोठे चमचे थंड दूध फिरवत ठेवा आणि फुटलेलं मिश्रण नव्या तेलासारखं थोडं थोडं त्यात सोडा. बहुतेक वेळा जमतं. फक्त फुटलेल्या मिश्रणात आणखी तेल ओतून जोरात फिरवत बसू नका, त्याने काही साधत नाही.

प्रश्न : मेयोनीज घट्ट होतं, पण केचप आणि कांदा घालून बर्गरचा सॉस केला की तो पावातून गळतो. आणखी घट्ट कसा करू? कॉर्नफ्लोअर चालेल का? (वाचक, सातपूर)

कॉर्नफ्लोअर नको. थंड सॉसमध्ये ते कच्चं लागतं, आणि शिजवून घातलं तर सॉस खळीसारखा होतो.

मेयोनीज घट्ट असतं ते तेलाच्या थेंबांच्या दाटीमुळे. केचपमधलं पाणी आत शिरलं की थेंब एकमेकांपासून लांब जातात आणि सॉस वाहू लागतो. म्हणून ज्या मेयोनीजचा सॉस करायचा आहे त्यात तेल थोडं वाढवा, १०० मिली दुधाला २२५ मिली. तेल घातल्याने सॉस पातळ होईल असं वाटतं, पण मेयोनीजच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. दुसरं म्हणजे पाण्याचे तीन वाटेकरी आधीच आटवून किंवा पिळून घ्या.

केचप : चार मोठे चमचे केचप लहान कढईत मंद आचेवर, उलथन्याची रेघ तळाशी राहीपर्यंत आटवा. अडीच चमचे उरेल. पूर्ण गार करूनच मिसळा. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात पावसाळ्याच्या अखेरीस टोमॅटोची आवक भरात असते तेव्हा घरीच आटवून ठेवणं परवडतं. पण अर्धा किलो टोमॅटोचा, साल-बिया गाळून, घट्ट गोळा जेमतेम ८० ते १०० ग्रॅम होतो, हे धरून चला.

कांदा : उन्हाळ कांदा घ्या, तो कोरडा आणि टिकाऊ असतो. ताज्या लाल कांद्यात पाणी जास्त. अगदी बारीक चिरून चिमूटभर मीठ आणि चहाचा चमचाभर व्हिनेगर लावून पंधरा मिनिटं ठेवा, मग मुठीत घट्ट पिळा. उग्रपणाही उतरतो.

काकडी : २०० ग्रॅम काकडीच्या बिया काढून बारीक तुकडे करा, एक चहाचा चमचा मीठ लावून अर्धा तास ठेवा, पिळा, आणि चार मोठे चमचे व्हिनेगर व दोन चहाचे चमचे साखर घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. वापरताना पुन्हा पिळा. दुसऱ्यांदा पिळायचा कंटाळा केला तर पहिल्यांदा पिळलेलं फुकट गेलं समजा.

आता दहा-अकरा बर्गरचा सॉस : मेयोनीज एक वाटी, आटवलेलं केचप दोन मोठे चमचे, काकडी दोन मोठे चमचे, पिळलेला कांदा एक मोठा चमचा, फेसलेली मोहरी (कृती पुढच्या उत्तरात) एक चहाचा चमचा, काश्मिरी मिरचीची पूड अर्धा चहाचा चमचा, मिरपूड पाव चमचा. मीठ चाखूनच घाला, कारण केचप, काकडी, कांदा सगळ्यांत ते आधीच आहे. हाताने, चमच्याने कालवा, पुन्हा मिक्सरला लावू नका. झाकून तासभर फ्रीजमध्ये मुरू द्या. लगेच चाखलात तर मोहरी आणि व्हिनेगर वेगवेगळे टोचतात, तासाभराने चव एक होते.

प्रश्न : वरच्यासारख्या सॉसमध्ये मोहरीचा तयार सॉस आणि धुराच्या वासाची मिरची पूड लागते असं वाचलं. सिन्नरला दोन्ही मिळत नाही. पर्याय? (वाचक, सिन्नर)

मोहरीचा पर्याय आपल्या लोणच्याच्या घरातच आहे, फेसलेली मोहरी. दोन मोठे चमचे मोहरीची डाळ किंवा मोहरी कोरडी वाटा, दोन मोठे चमचे थंड पाणी घालून पुन्हा फिरवा आणि वाटीत चमच्याने नाकात झणका येईपर्यंत फेसा. मोहरीचा तिखटपणा कोरड्या दाण्यात नसतोच, दाणा फुटून त्याला पाणी लागलं की तो तयार होतो. म्हणून दहा मिनिटं तशीच ठेवा आणि मग एक चहाचा चमचा व्हिनेगर, चिमूट मीठ, चिमूट साखर आणि रंगाला हळद घाला. व्हिनेगर आधी घातलं तर झणका उठत नाही. गरम पाणी घातलं तर मोहरी नुसती कडू होते.

धुराच्या वासासाठी धुंगार द्या, पण सॉसला नाही, तेलाला. निखारा मधोमध ठेवला की आसपासचा सॉस तापून फुटतो. स्टीलच्या भांड्यात चार मोठे चमचे तेल घ्या, मध्ये छोट्या वाटीत लाल निखारा ठेवून त्यावर अर्धा चमचा तूप सोडा आणि तीन मिनिटं घट्ट झाका. धुराचा वास तेल लवकर धरून ठेवतं. गार झाल्यावर हे तेल मेयोनीजच्या २०० मिली तेलातलंच समजून वापरा.

प्रश्न : घाण्यावरचं शेंगदाणा तेल घरात असतं. त्याचं मेयोनीज केलं. वास तर आलाच, पण फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशी दाणेदार होऊन फुटलं. (वाचक, नाशिक रोड)

शेंगदाणा तेल फ्रीजच्या थंडीत गोठू लागतं. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत बरणीतलं तेल गढूळ होतं, तोच प्रकार. गोठताना थेंबाभोवतीचा पापुद्रा फाटतो, आणि सॉस बाहेर काढून कोमट झाला की तेल सुटतं. मेयोनीज फ्रीझरमध्ये फुटतं तेही याच कारणाने. घाण्याच्या तेलाची चव हवीच असेल तर ते चौथा हिस्सा आणि बाकी सूर्यफूल तेल असं घ्या. ऑलिव्हचं पहिल्या दाबाचं तेल मिक्सरमध्ये कडवट होतं, तेही शेवटी चमचाभर, हाताने मिसळण्यापुरतंच.

प्रश्न : अंड्याचं मेयोनीज चवीला जास्त चांगलं लागतं, पण कच्च्या अंड्याची भीती वाटते. घरात लहान मूल आहे. (वाचक, देवळाली कॅम्प)

भीती रास्त आहे. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. केरळने २०२३मध्ये, तेलंगणाने २०२४मध्ये आणि तामिळनाडूने २०२५मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, ती त्यापासून होणाऱ्या विषबाधेमुळेच. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं यांना कच्च्या अंड्याचा सॉस देऊच नये. लिंबू-व्हिनेगरने जंतू मरतात, या समजावर विसंबू नका.

स्वयंपाकाचा तापमापक असेल तर बलक शिजवून घ्या. दोन बलक, दोन मोठे चमचे पाणी, दोन मोठे चमचे लिंबाचा रस लहान भांड्यात घ्या. ते उकळत्या पाण्यावर धरून सतत ढवळत तापमान ७१ अंश सेल्सिअसवर न्या. मिश्रण चमच्याच्या पाठीला धरू लागतं. लगेच भांडं गार पाण्यात बुडवा, नाहीतर उरलेल्या उष्णतेने बलकाचे कण होतात. पाच मिनिटांनी मोहरी-मीठ घालून २०० ते २२५ मिली तेल वर सांगितलेल्या धारेने सोडा.

तापमापक नसेल तर अंदाजाने करू नका. दोन अंडी दहा-बारा मिनिटं पूर्ण उकडा, बलक चाळणीतून दाबून काढा, दोन मोठे चमचे थंड दूध घालून गुळगुळीत करा आणि १०० मिली तेल मुरवा. पोत किंचित रवाळ राहतो, पण अंड्याची चव येते आणि केचप-काकडीत तो रवाळपणा कळतही नाही.

प्रश्न : तेल इतकं नको वाटतं. चक्क्याचा सॉस केला तर दोन तासांत बुडाशी पाणी येतं. (वाचक, गंगापूर रोड)

चक्का पुरेसा निथळलेला नसणार, आणि मीठ आधी पडलं असणार. अर्धा किलो घट्ट, ताजं, कमी आंबट दही मलमलच्या कपड्यात बांधून फ्रीजमध्येच आठ तास टांगा किंवा चाळणीत ठेवून वर वजन ठेवा. बाहेर टांगलं तर उन्हाळ्यात आंबटपणा वाढतो. दह्याच्या घट्टपणाप्रमाणे २०० ते २५० ग्रॅम चक्का मिळेल. श्रीखंडाच्या चक्क्यापेक्षाही कोरडा हवा, कपड्यावरून बोट फिरवलं तर ओल लागू नये.

चक्का चाळणीवर घासून घ्या, दोन मोठे चमचे तेल किंवा फेटलेली ताजी साय मिसळा. एवढी स्निग्धता ठेवाच, नाहीतर सॉस तोंडात खडूसारखा लागतो. लसूण एक पाकळी किसून, जिरेपूड, मिरपूड आणि साखर घाला. मीठ मात्र सॉस पानात वाढायच्या दहा मिनिटं आधी घाला. मीठ पाणी ओढून काढतं, चक्कासुद्धा त्यातून सुटत नाही. अर्धा चक्का आणि अर्धं दुधाचं मेयोनीज हा मधला रस्ता चवीला सर्वांत चांगला.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. कांदा, लसूण, अंडं नाही. मुलांना बर्गर हवा असतो, टिक्की मुगाच्या डाळीची करते. सॉस कोणता करू? (वाचक, रविवार कारंजा)

डाळीच्या टिक्कीसोबत कच्चं दही-दूध तुमच्याकडे द्विदळ म्हणून चालत नसेल तर वरचे चक्क्याचे आणि दुधाचे सॉस बाद होतात. काजूचा सॉस करा. १०० ग्रॅम काजू तुकडा कडकडीत पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी पूर्ण ओता. ६० मिली ताजं पाणी, एक मोठा चमचा लिंबाचा रस, दोन मोठे चमचे तेल, मीठ, काळं मीठ आणि साखर घालून चटणीच्या भांड्यात अगदी गंधासारखं वाटा. मध्ये दोनदा थांबून कडा खरवडा. सुरुवातीला पातळ वाटला तरी पाणी कमी करू नका, गार झाल्यावर तो दाटतो.

लसणाची जागा हिंग घेतो, पण कच्चा हिंग थंड सॉसमध्ये कडू लागतो. चहाचा चमचाभर गरम तेलात पाव चमचा हिंग फुलवा, गार करा, मग घाला. तीन दिवसांत संपवा.

प्रश्न : सॉसमध्ये आपला काळा मसाला घातला तर? एकदा घातला तर कच्चा आणि खरखरीत लागला. (वाचक, इंदिरानगर)

जरूर घाला, बटाट्याच्या टिक्कीवर तो केचपपेक्षा शोभतो. मोठा चमचाभर तेल कोमट करा, आच बंद करा, एक चहाचा चमचा मसाला त्यात अर्धा मिनिट परता, पूर्ण गार करा आणि बारीक गाळणीतून दाबून घ्या. एक वाटी मेयोनीजला एवढा पुरे. केचप घालू नका, दोन्ही एकमेकांना मारतात. चिमूटभर गूळ मात्र चालतो.

प्रश्न : संध्याकाळी कॉलेज रोडला बर्गरची गाडी लावायचा विचार आहे. सॉस एकदम किती करावा, किती टिकतो? (वाचक, सिडको)

दुधाचाच करा, अंड्याचा नको. एक किलोसाठी दूध ३४० मिली आणि तेल ६८० मिली लागतं, बाकी त्याच प्रमाणात. तीन घाण्यांत करा, मिक्सर एकदम ओढत नाही आणि तापतो. एका बर्गरला १८ ते २० ग्रॅम धरा, म्हणजे एका किलोत साधारण पन्नास बर्गर.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीपर्यंत जातो. ३२ अंशांच्या वर असताना असा सॉस बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये, एरवी दोन तास. म्हणून गाडीवर २०० ग्रॅमच्या छोट्या दाबायच्या बाटल्या ठेवा. एक हाताशी, तीही बर्फाच्या डब्यात, बाकी बर्फाच्या पेटीत खोल. अर्धी रिकामी बाटली वरून भरू नका, जुन्यातले जंतू नव्यात जातात. बाटली संपली की धुऊन, कोरडी करून मगच पुन्हा भरायची. रात्री हाताशी असलेल्या बाटलीत उरलेला सॉस टाकून द्या, त्याचा हिशेब भावात आधीच धरा. न उघडलेला सॉस फ्रीजमध्ये ५ अंशांच्या खाली तीन दिवस. कच्चा लसूण तेलात बुडवून आठवडाभर बाहेर ठेवायची सवय असेल तर ती सोडा. हवा नसलेल्या तेलात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि त्यांच्या विषाला वासही नसतो. लसूण रोजचा रोज घाला. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची नोंदणी गाडीलाही लागते, ती आधी करून घ्या.

प्रश्न : पाव ओला होतो. (वाचक, म्हसरूळ)

पावाच्या कापलेल्या बाजू लोणी लावून तव्यावर तांबूस भाजा. लादीपाव जास्त शोषतो, त्याला भाजणं चुकवू नका. टिक्की तव्यावरून काढून दोन मिनिटं जाळीवर ठेवा, ताटलीत ठेवली तर खालून वाफेने भिजते, आणि गरमच ठेवली तर सॉस वितळून वाहतो. खालच्या पावाला चहाचा चमचाभर सॉस, त्यावर पूर्ण कोरडं पुसलेलं सॅलडचं पान, मग टिक्की, आणि उरलेला मोठा चमचाभर सॉस वरच्या पावाला. टोमॅटोची चकती टिक्कीच्या वर ठेवा, खाली नको. शाळेच्या डब्यात हा बर्गर देऊ नका. सकाळी सातला भरलेला डबा साडेदहाला उघडतो, तोवर सॉसची वेळ उलटलेली असते. डब्यासाठी टिक्की-पावाला नुसतं केचप लावा.